प्लॉट घेऊ की फ्लॅट? एजंटच्या मेसेजमधले शब्द कुणी सोडवून सांगेल का (कोल्हापूर)

रंकाळ्याची_हवा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नोकरी करणारे, बजेट बेताचं. दोन जागा बघून झाल्यात आणि तिथंच घोडं अडलंय.

एक, कळंब्याच्या पुढं प्राधिकरणाच्या हद्दीतल्या गावात तीन गुंठ्यांचा प्लॉट. दुसरी, राजारामपुरीच्या मागच्या बाजूला, ई वॉर्डात, काम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके. प्लॉटच्या एजंटचा मेसेज जसाच्या तसा देते:

“३ गुंठे क्लिअर. रि.स.नं. मधला तुकडा. वर्ग २ आहे पण ४३ शिथिल, टेन्शन नाही. मूळ मालक एकुम. नाव सामाईकात लागेल. आत्ता नोटरी साठेखत आणि कुलमुखत्यार, एनए झालं की खरेदी. गुंठेवारीत बसतंय.”

फ्लॅटवाल्यांचं थोडक्यात: “१२०० फूट, पार्किंगचे वेगळे, अपार्टमेंट डीड करून देऊ, टेरेस वरच्या मजल्याला.”

यातला ‘क्लिअर’ सोडून एकही शब्द मला धड कळलेला नाही. सासरे म्हणतात मातीत पैसा घाला, नवऱ्याला फ्लॅट हवाय, आणि कागद वाचायचं काम माझ्या गळ्यात.

पांढरा_रस्सा

ताई, त्या मेसेजमध्ये ‘क्लिअर’ हा एकच शब्द खोटा आहे. बाकी सगळे खरे आहेत.

कोर्टाची_पायरी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दिवाणी वकिली करते, त्यामुळं हा मेसेज मला तोंडपाठ आहे, फक्त गुंठे बदलतात. एकेक घेऊ.

एकुम. सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ असं लिहितात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं दिसतं, जमीन कुटुंबाची असते. भावांचे आणि बहिणींचे हिस्से त्या एका नावाच्या पोटात. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या शाबूत. तेव्हा पहिला प्रश्न: वाटणीपत्र झालंय का? नसेल तर बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं कुठं आहेत? “बहिणी काय मागत नाहीत वो” हे उत्तर घेऊ नका. जमिनीला भाव आला की मागतात, आणि का मागू नये?

वर्ग २. भोगवटादार वर्ग १ म्हणजे मालकाला विकायला कुणाला विचारावं लागत नाही. वर्ग २ म्हणजे विक्रीवर सरकारची अट. पण वर्ग २ ला कारणं वेगवेगळी असतात आणि औषधही वेगवेगळं. कूळकायद्यानं मिळालेली, वतनाची, सरकारनं दिलेली, धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेली. आपल्या जिल्ह्यात काळम्मावाडी आणि वारणेच्या धरणग्रस्तांच्या अशा जमिनी बऱ्याच आहेत. देवस्थान इनाम तर आणखी अवघड, ती जमीन देवाच्या नावावर असते आणि कसणाऱ्याला ती परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यामुळं ‘वर्ग २ आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही. कशामुळं वर्ग २, ते जुन्या फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत सापडतं.

मेसेजमधल्या ४३ वरून कूळकायद्याची जमीन दिसते. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळं मालक झाली, ३२ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर ३२म चं प्रमाणपत्र मिळालं आणि सातबाऱ्यावर ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा बसला. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून हे बंधन उठतं. आकार, म्हणजे शेतसारा, पाच रुपये असेल तर दोनशे रुपयांचं काम. आता विचार करा, दोनशे रुपयांचं काम मालकानं अजून का केलं नाही? ‘शिथिल होऊ शकतं’ आणि ‘शिथिल झालंय’ यातलं नेमकं काय, ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात बघा.

शिवाय त्याच कायद्याचं कलम ६३. शेतजमीन घेणारा शेतकरी लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तुमच्या किंवा नवऱ्याच्या नावावर कुठं शेती आहे का?

नोटरी आणि कुलमुखत्यार. नोटरी एवढंच सांगतो की माझ्यासमोर सह्या झाल्या. स्थावराची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानंच येते. साठेखत म्हणजे पुढं विकण्याचा करार. त्यातसुद्धा नोंदणी झालेलं साठेखत आणि नोटरी केलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक. कुलमुखत्यार आणि साठेखतावर ‘विक्री’ होत नाही हे सूरज लॅम्प खटल्यात २०११ ला सांगून झालंय. मुखत्यार देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं, आणि तुमच्या हातात राहतो स्टॅम्प पेपर.

शहरातला_शेतकरी

मॅडम, पुस्तकात बरोबर आहे तुमचं. पण आमच्या गल्लीत सगळ्यांनी नोटरीवरच घेतलंय. घरं बांधली, लाइट आली, घरफाळा भरतोय. कुणाचं काय बिघडलं? एवढं बघत बसलं तर नोकरदार माणसानं घर बांधायचंच नाही काय?

कोर्टाची_पायरी

दादा, घरफाळ्याची पावती किंवा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा हा कर कुणाकडून घ्यायचा याचा कागद आहे. मालकी ठरवायचं काम त्याचं नाही. बिघडतं कधी, तर पुढच्या पिढीला विकायचं असतं तेव्हा, बँकेकडं कर्जाला जाता तेव्हा, किंवा मूळ मालकाचा नातू कोर्टात येतो तेव्हा. तोवर सगळं छान असतं, हे मान्य.

शहरातला_शेतकरी

नातू आलाय. म्हणूनच हा धागा वाचतोय. तुम्ही बोला.

जुना_भूकरमापक

वकीलबाईंनी हक्काचं सांगितलं, मी क्षेत्राचं सांगतो. आयुष्य साखळी ओढण्यात गेलं.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आमची साखळीच ३३ फुटांची असायची, सोळा आण्यांची. चाळीस गुंठ्यांचा एकर. पण सातबाऱ्यावर आता गुंठा कुठंच नाही. तिथं हेक्टर, आर, चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौ.मी., १०७६ फुटांच्या आसपास. बोलताना लोक आरलाच गुंठा म्हणतात. तुमच्या सातबाऱ्यावर ०.०३.०० असं असेल तर ते ३०० चौ.मी., म्हणजे ३२२९ चौरस फूट. तीन गुंठे म्हणजे ३२६७. पैसे तुम्ही गुंठ्यानं देणार, नाव आरनं लागणार. ३८ फूट गेले. एका न्हाणीघराची जागा आहे ती.

दुसरं, ‘रि.स.नं.’ म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर. आपल्याकडं कागदांवर हाच असतो, काही गावांत एकत्रीकरणानंतर गट नंबर. ‘रि.स.नं. मधला तुकडा’ याचा अर्थ त्या तुकड्याला स्वतःचा हिस्सा नंबर नाही. लेआउट मंजूर झाला असता, मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक (कजाप) निघालं असतं, तर प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा असता. एजंटला एकच विचारा: “कजाप झालंय का?” तोंड बघा त्याचं.

सामाईकात नाव म्हणजे सातबाऱ्यावर पाच-पंचवीस नावांच्या रांगेत तुमचं एक. क्षेत्र लिहिलेलं असेल, पण ते क्षेत्र जमिनीवर पूर्वेला की पश्चिमेला, रस्त्याकडं की ओढ्याकडं, हे कुठल्याच सरकारी नकाशात नाही. चुन्याच्या फक्कीनं आखलेली हद्द पावसाळ्यापर्यंत टिकते.

आणि सातबाऱ्यात कंस बघा. एखादं नाव कंसात दिसलं तर त्याचा हक्क कुठल्यातरी फेरफारानं संपलाय. तुम्हाला विकणाराच कंसात नाही ना, एवढं पहिल्यांदा. हसू नका, असं घडतं.

पांढरा_रस्सा

काका, तलाठ्याला भेटायचं का मग?

जुना_भूकरमापक

आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोक तलाठीच म्हणतात आणि म्हणणार. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हापासून हा शब्द इथं मुरलाय. (अवांतर झालं, पण राहवलं नाही.)

भेटा. सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा मिळतो, त्यासाठी जायला नको. जायचं ते फेरफारांसाठी. सातबाऱ्यावर गोलात फेरफार क्रमांक असतात, त्यातला प्रत्येक काढून वाचायचा. नमुना ७ मध्ये हक्क, नमुना १२ मध्ये पीक, ८अ मध्ये खातेदाराची सगळी जमीन एकत्र. पण जमिनीची खरी कहाणी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. एखादा प्रलंबित किंवा तक्रारी फेरफार असेल तर तोही तिथंच कळतो.

गडहिंग्लजवाला

आमच्याकडं तर बोजे न उतरवलेलेच निम्मे सातबारे. सोसायटीचं पीककर्ज आजोबांनी फेडलं, शेरा तसाच. ‘वि.का.स. सेवा संस्था बोजा रु. ४०००’. खरेदीच्या वेळी सब-रजिस्ट्रारच्या दारात गेल्यावर आठवण येते. रंकाळ्याची_हवा ताई, इतर हक्काचा रकाना खालपर्यंत वाचा, तिथं विहिरीतला हिस्सा, पाइपलाइन, वाटेचा हक्क असं काहीही असतं. प्लॉट पाडणारे हे सांगत नाहीत, मग पाया खणताना शेजाऱ्याची पाइप फुटते.

रंकाळ्याची_हवा

बाप रे. सगळ्यांचे आभार. शेती आमच्या दोघांच्याही नावावर नाही. सासऱ्यांच्या नावावर थोडी आहे. ‘गुंठेवारीत बसतंय’ याचं काय? तेवढा एक शब्द बरा वाटला होता.

कोर्टाची_पायरी

गुंठेवारी कायदा २००१ चा. तुकडे पाडून विकलेल्या जागा आणि त्यावरची घरं शुल्क घेऊन नियमित करायची, असा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची कामं बसत होती, २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुमचा तुकडा त्यानंतर पाडलेला असेल तर बसत नाही. बसत असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. ‘बसतंय’ हे क्रियापद आहे, कागद नव्हे.

तुकडेबंदीचा कायदा मूळ १९४७ चा. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याच्यापेक्षा लहान तो तुकडा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. २०२५ मध्ये शहरं आणि प्राधिकरणांच्या रहिवासी भागातल्या तुकड्यांना सवलत देण्याची पावलं शासनानं उचलली, म्हणून एजंट लोकांच्या अंगात आलंय. सवलतीचा फायदा कुठल्या तारखेच्या, कुठल्या झोनमधल्या तुकड्याला आहे ते तुमच्या रि.स.नं. वर तपासा. आणि तुकड्याची अडचण सुटली म्हणून वर्ग २ सुटत नाही, बहिणींचे हिस्सेही सुटत नाहीत.

झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. हिरव्यात असेल तर ‘एनए (बिगरशेती) होतंय’ हे विसरा. रहिवासात असेल तर, जमीन महसूल संहितेत ४२ब, ४२क, ४२ड ही कलमं घालून एनएची वाट मोकळी केली. त्यातलं ४२ड गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीसाठी आलं. सोपं झालंय ते. पण वर्ग २ असेल तर आधी ती अट सोडवावी लागते.

ओळंबा

इतका वेळ जमीन चालली होती म्हणून गप्प होतो. आता फ्लॅट. मी स्थापत्य अभियंता, साइटवरचा.

‘१२०० फूट’ या दोन शब्दांत तुमची सगळी फसवणूक किंवा सगळा व्यवहार आहे. कुठला फूट? माझ्या माहितीत चार आहेत.

पहिला रेराचा कार्पेट. २०१६ च्या रेरा कायद्यात व्याख्या आहे: आतल्या वापराचं क्षेत्र, खोल्यांमधल्या आतल्या भिंतींची जाडी धरून. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापरातली बाल्कनी आणि उघडी गच्ची यात येत नाही. विक्री याच क्षेत्रावर करायची असा कायदा आहे.

दुसरा बिल्ट-अप. त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी आली. तिसरा सुपर बिल्ट-अप, म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज, वॉचमनची खोली, सगळ्यातला वाटा. याला कायद्यात जागा नाही, पण चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअॅपवर भरपूर आहे. चौथा महापालिकेचा. २०२० च्या अखेरीस आलेल्या एकात्मिक नियमावलीत पी-लाइन धरून मोजतात, बाल्कनीसकट बाहेरची रेघ. चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं) त्यावर निघतो. दाट वस्ती सोडून बाकी भागात मूळ निर्देशांक १.१, वर पैसे भरून प्रीमियम, विकत घेतलेला विकास हक्क म्हणजे टीडीआर, आणि त्याच्यावर रहिवासाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र. म्हणून तर प्लॉट तेवढाच असून इमारती अचानक उंच झाल्या.

आता तुमचं गणित. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, त्यात प्रत्येक सदनिकेचा कार्पेट चौ.मी. मध्ये असतो. समजा ७८ चौ.मी. निघाला. गुणिले १०.७६४, म्हणजे ८४० फूट. १२०० ला ८४० नं भागा, १.४३. तुम्ही वापरता त्या जागेपेक्षा ४३ टक्के जास्त फुटांचे पैसे. दर कमी वाटतो तो यामुळं.

परतीचा_पुणेकर

सुपर बिल्ट-अप आता इतिहासजमा झालं हो. पुण्यात कुणी बोलतही नाही त्यात.

ओळंबा

करारनाम्यात इतिहासजमा आहे, बोलण्यात नाही. ताईंच्या मेसेजमध्येच आहे बघा. शिवाय सगळे प्रकल्प रेरात येतात असंही नाही. प्लॉट ५०० चौ.मी. पेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि राजारामपुरी-शाहूपुरीतले जुने बंगले पाडून होणारे कितीतरी प्रकल्प नेमके तेवढेच असतात. सात फ्लॅट, एक पेंटहाउस. योगायोग!

नोंदणी नसली तरी १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीचा कायदा, लागू आहे, मंजूर नकाशा मागायचा हक्क आहे. सही-शिक्क्याचा नकाशा घ्या, फ्लॅटमध्ये टेप घेऊन जा. गिलाव्याच्या आतून आत मोजा.

रंकाळ्याची_हवा

रेरा नंबर आहे, आत्ता बघितला. कार्पेट ७४.५ चौ.मी., बाल्कनी वेगळी ६. ओळंबा दादा, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय.

ओळंबा

म्हणजे ८०२ फूट. बाल्कनी धरली तरी ८६६. आता दर त्या आकड्यावर पाडून बघा आणि मगच दुसऱ्या स्कीमशी तुलना करा. बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा करून देतो म्हणाले तर लेखी मंजुरी मागा.

टेरेसग्रस्त

‘टेरेस वरच्या मजल्याला’ हे वाचून राहवलं नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये हेच झालं. बिल्डरनं घोषणापत्रातच गच्चीचा ‘एकांतिक वापर’ वरच्या फ्लॅटला लिहून ठेवला. आम्ही सगळ्यांनी वाचता न वाचता अपार्टमेंट डीडवर सह्या केल्या. आता पाण्याच्या टाकीवर जायचं तर त्यांना फोन करून कुलूप उघडून घ्यावं लागतं. सोलर लावायचं तर त्यांची परवानगी. गळती झाली की खर्च मात्र सगळ्यांचा, कारण छत ‘सामाईक’.

कोर्टाची_पायरी

हे कोल्हापुरात फार. इथं सोसायटीपेक्षा अपार्टमेंट जास्त चालतं, म्हणून थोडं सविस्तर.

सोसायटीत इमारत आणि जमीन सोसायटीच्या नावावर अभिहस्तांतरणानं (मालकी लिहून देऊन) जाते, तुम्ही सभासद. बिल्डरनं करून दिलं नाही तर मोफाच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरशिवाय होणारं) मागता येतं. अपार्टमेंटमध्ये १९७० च्या कायद्याखाली आधी घोषणापत्र नोंदवतात. त्यात प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्क्यात लिहिलेला असतो, सामाईक जागा कुठल्या आणि मर्यादित सामाईक, म्हणजे ठरावीक फ्लॅटच्याच वापराच्या, कुठल्या तेही. मग प्रत्येकाचं वेगळं अपार्टमेंट डीड.

म्हणजे भांडण जिंकायचं की हरायचं ते घोषणापत्रात ठरतं, आणि ते लिहितो बिल्डर, फ्लॅट विकायच्या आधी. तुम्ही करार करताना घोषणापत्राचा मसुदा मागा. तीन गोष्टी शोधा: गच्ची कुठल्या यादीत आहे, पार्किंग कुठल्या यादीत आहे, आणि भविष्यात वाढीव चटई निर्देशांक मिळाला तर तो कुणाचा. तिसऱ्यावर बहुतेक ठिकाणी बिल्डरनं स्वतःचं नाव घातलेलं असतं. पुढं वरती मजला चढला की लोक दचकतात.

पार्किंगबद्दल: उघडं किंवा स्टिल्टमधलं पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नहालचंद खटल्यात मोफाच्या संदर्भात सांगितलं. ‘पार्किंगचे वेगळे’ हे वेगळे पैसे पावतीवर काय म्हणून लिहितात ते बघा. बहुतेक वेळा काहीच लिहीत नाहीत.

टेरेसग्रस्त, तुमचं घोषणापत्र दुरुस्त होऊ शकतं, पण सगळ्या मालकांची संमती हा डोंगर आहे. कागद घेऊन एखाद्या वकिलाकडे बसा, इथं वरवर सांगण्यासारखं नाही.

टेरेसग्रस्त

आभार. वरच्या मजल्यावाल्यांची संमती कोण आणणार हाच प्रश्न. गणपतीची वर्गणीसुद्धा देत नाहीत ते.

पांढरा_रस्सा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

परतीचा_पुणेकर

मी पण कोल्हापुरात परत येतोय, शोधतोय. कागद सगळे चोख असलेला एक फ्लॅट पंचगंगेच्या अंगाला स्वस्त मिळतोय. पूररेषेचं काय भानगड आहे? एजंट म्हणतो “लाल रेषा काय, सगळं शहरच लाल आहे”.

ओळंबा

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. निळीच्या आत मोकळ्या जागेवर नवं बांधकाम नाही. निळी आणि लालच्या मध्ये अटींवर, जोत्याची उंची वगैरे सांभाळून.

आता वस्तुस्थिती. २००५, २०१९, २०२१. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग ज्यानं केला त्याला एकदा पावसाळ्यात व्हीनस कॉर्नरला उभा करावा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ च्या वर गेलं. तेव्हा नकाशावरच्या रेघेबरोबर शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठंपर्यंत आहे ते विचारा. आणि इमारतीत वीज मीटरची खोली, जनरेटर, पाण्याची टाकी तळघरात आहे का? तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर कोरडा राहील, पण मीटर बुडाले की अंधारात बसाल.

नदीकडच्या पट्ट्यात, चिखली-आंबेवाडीच्या अंगाला, काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरच्या घराला तिरक्या भेगा. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेला पाहिजे. पाचगाव-मोरेवाडीकडं उलट, दोन फुटांवर मुरूम-खडक, पाया स्वस्तात होतो पण बोअरला पाणी लागेल याची खात्री नाही.

परतीचा_पुणेकर

धन्यवाद. आणि खर्चाचं? पुण्यात मेट्रोचा एक टक्का वेगळा लागतो, तो इथं नाही ना?

कोर्टाची_पायरी

मेट्रोच नाही तर अधिभार कशाचा. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत. पूर्णत्वाचा दाखला मिळण्याआधी घेतलं तर जीएसटी, साधारण पाच टक्के; परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत, म्हणजे ४५ लाखांपर्यंत आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौ.मी. कार्पेटपर्यंत, एक टक्का. दाखला झालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. व्यवहार पन्नास लाखांचा किंवा जास्त असेल तर एक टक्का कर कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, हे लोक विसरतात आणि मग नोटीस येते.

मुद्रांक शुल्क लागतं ते बाजारमूल्य आणि करारातली रक्कम यांत जे जास्त त्यावर.

रंकाळ्याची_हवा

अपडेट देते. एजंटला विचारलं, कजाप झालंय का. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही घेणार नाही हे आधीच सांगायचं.” फोन बंद.

फ्लॅटचा घोषणापत्राचा मसुदा मागितलाय, “असं कुणी मागत नाही” म्हणाले, पण देणार आहेत. १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम आधी भरा म्हणत होते, त्यावर एका मैत्रिणीनं सांगितलं की रेरात नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपलीकडं घेता येत नाही. बरोबर ना?

आणि सासऱ्यांनी तिसराच पर्याय काढलाय. मंगळवार पेठेतलं त्यांचं जुनं घर, सोपा, माजघर, मागं परडं, वर कौलं. ते पाडून बांधायचं. प्रॉपर्टी कार्डावर अजून त्यांच्या वडिलांचंच नाव आहे.

कोर्टाची_पायरी

दहा टक्क्यांचं बरोबर, कलम १३.

जुन्या घराचं, आधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद. सासऱ्यांना भावंडं किती, आत्या किती, सगळ्यांची नावं लागतील. मग ज्यांना सोडायचंय त्यांनी सासऱ्यांच्या लाभात हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात विनामोबदला असेल तर मुद्रांक ५०० रुपये, पण नोंदणी करायचीच. प्रॉपर्टी कार्डाचा धारणाधिकाराचा रकाना वाचा, भाडेपट्टा दिसला तर आधी तो सोडवा.

जुना_भूकरमापक

आणि बी वॉर्डातली जुनी घरं म्हणजे भिंतीला भिंत. पाडायच्या आधी मोजणी करून ‘क’ प्रत घ्या. शेजारची भिंत सामाईक आहे की त्यांची एकट्याची, तुळया कुणाच्या भिंतीत घुसल्यात, पागोळी कुणाच्या अंगणात पडते, हे सगळं पाडायच्या आधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन बघायचं. पाडल्यावर पुरावा राहत नाही. प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र चौ.मी. मध्ये आहे ते नकाशाशी जुळतं का बघा. बखळ जागेत शेजाऱ्यानं जिना काढलेला असतो पुष्कळदा.

ओळंबा

शिवाय भाग नकाशात रस्ता रुंदीकरणाची रेघ. पेठांत ती घराच्या सोप्यातून जाते कधी कधी. गेलेल्या जागेबदली चटई निर्देशांक किंवा टीडीआर मिळतो, पण सोपा जातो.

रंकाळ्याची_हवा

हे बांधायचं झालं तर ठेकेदारानं ‘चौरस फुटाला अमुक, मटेरियलसह’ असा दर दिलाय. इथंही पुन्हा फूट! हा पाचवा का?

ओळंबा

हो, पाचवा. याला स्लॅब एरिया म्हणतात. भिंतींच्या बाहेरून बाहेर, बाल्कनी पूर्ण, छज्जे कुणी अर्धे धरतात कुणी पूर्ण. जोत्याखालचं काम दरात आहे की वेगळं, ते विचारा. काळी माती निघाली तर तिथंच भाव वाढवतात. कंपाउंड, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक बहुधा बाहेर असतं. स्टील आणि सिमेंटची कंपनी, काँक्रीटचा ग्रेड एम २० की एम २५, वीट लाल की ब्लॉक, वाळूऐवजी क्रश सँड चालेल का, फरशीचा दर किती धरलाय, हे सगळं ठेक्याच्या कागदात लिहा. खडी आणि वाळू ब्रासनं येते, ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी हौद्यात मोजा, ढीग पडल्यावर अंदाजच उरतो.

स्लॅबला पाणी मारायचं. आजकाल मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट, त्याला निदान दहा दिवस, एप्रिल-मेमध्ये चौदा. स्लॅबच्या टेकूंना साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) सात दिवस, त्यापुढं चौदा. सहा मीटरपेक्षा लांब बीम असेल तर एकवीस. सेंटरिंगवाल्याला पुढच्या साइटवर प्लेटा न्यायच्या असतात, तो पाचव्या दिवशीच येऊन उभा राहतो. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

जिना बरेच ठेकेदार दोनदा धरतात. मोजण्याची पद्धत कागदात लिहून घ्या.